३२ जीबीचे टॅब काठोकाठ भरलेत: नुसते हँग होतात, की आयुष्यही घटतं?

पत्र्याची_शाळा (परभणी जिल्हा)

राम राम मंडळी. शाळेत ११ टॅब आहेत, सगळे एकाच बनावटीचे: ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड १०. कार्डाची खाच आहे, पण कार्ड टाकलेलं नाही. पहिली ते सातवीचे व्हिडिओ, पीडीएफ आणि अभ्यासाची तीन ॲप ठासून भरलीत, कारण गावात नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. आता प्रत्येकात ९०० एमबी ते १.३ जीबी एवढीच जागा उरली आहे. दोन टॅबमध्ये तर ४०० एमबीच.

दोन महिने झाले, सगळेच अडकायलेत. किबोर्डवर अक्षर दाबलं की दोन-तीन सेकंदांनी उमटतं. फोटो काढला की गोल फिरत बसतं. ॲपचं अपडेट ‘पेंडिंग’वरच. व्हिडिओ मात्र एकदा सुरू झाला की बिनघोर चालतो. ‘जागा संपत आली’ ही सूचना त्या ४०० एमबीवाल्या दोघांवरच येते, बाकीचे गप्प. आणि ७ नंबरच्या टॅबची तऱ्हाच वेगळी: व्हिडिओ डिलीट करा, बंद करून चालू करा, सगळे परत हजर!

चार्जिंग दिवसा होतं. शाळा सुटताना टॅब बंद करून लोखंडी कपाटात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड-दोन महिने तिथंच.

हे जागा भरल्यामुळंच होतंय का? किती मोकळी ठेवावी? भरलेल्या टॅबचं आयुष्य खरंच कमी होतं, की दुकानदार उगाच भीती घालतात?

मांजराकाठ

सर, अर्धं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. व्हिडिओ नीट चालतो आणि अक्षर उशिरा उमटतं, म्हणजे वाचणं ठीक आहे, लिहिणं तुंबलंय. रॅम कमी पडली असती तर एका ॲपमधून दुसऱ्यात जाऊन परत आल्यावर पहिलं ॲप सुरुवातीपासून उघडलं असतं. प्रोसेसर तापून मंदावला असता तर त्रास दुपारी झाला असता, सकाळी नाही. तुमचं दुखणं स्टोरेजचं आहे.

कारण असं. टॅबमधली फ्लॅश चिप पाटीसारखी समजा. पाटीवर एकेक ओळ लिहिता येते, पण ही पाटी अशी की पुसायची तर अख्खीच पुसावी लागते. चिपमध्ये एका वेळी लिहिलं जातं ते ‘पेज’, साधारण १६ केबीचं. पुसलं जातं ते ‘ब्लॉक’, आणि तो काही एमबीचा. आता एखाद्या ब्लॉकात निम्मी पेजं कामाची आणि निम्मी टाकाऊ झाली, की चिपला आधी कामाची पेजं दुसऱ्या कोऱ्या ब्लॉकात उतरवावी लागतात, मग जुना पुसता येतो. याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. कोऱ्या पाट्या भरपूर असल्या तर हे काम निवांत, मागच्या मागे होतं. दोन-चारच उरल्या की तुम्ही अक्षर दाबल्यावरच चिप पुसापुशी सुरू करते, आणि तेवढा वेळ तुम्ही थांबता.

किबोर्डचा यात काय संबंध, असं वाटेल. किबोर्डही शिकलेले शब्द डेटाबेसात लिहीत असतो, मागे ॲप आपापल्या नोंदी करत असतात, आणि प्रत्येक जण ‘लिहून झालं’ असा निरोप येईपर्यंत अडून राहतो. त्यात या किमतीच्या टॅबमध्ये चिप बहुतेक ईएमएमसी असते. तिचा रस्ता एकेरी पुलासारखा: एका वेळी एकतर वाचणार नाहीतर लिहिणार. महागड्या टॅबमधली यूएफएस दोन्ही एकदम करते, म्हणून ती भरली तरी त्रास उशिरा जाणवतो.

अजून एक भानगड आहे. आजकालच्या टीएलसी चिपमध्ये एका पेशीत तीन बिट साठवतात, ते सावकाश होतं. म्हणून पुष्कळ चिपा मोकळ्या जागेचा काही भाग एकेका बिटाने भरभर लिहून घेतात आणि पुढे सवडीने तीन-तीन बिटांत दाबून बसवतात. मोकळी जागा घटली की हा भरभरीचा भागही आखडतो. मोठी फाइल टाकताना पहिले काही सेकंद झरझर आणि मग एकदम कासव, ते यामुळंच.

सूचनेचं कोडंही सोपं आहे. अँड्रॉइड जागेच्या ५ टक्के किंवा ५०० एमबी, यांत जे कमी असेल त्याच्या खाली गेल्यावरच ओरडतं. ३२ जीबीच्या टॅबला ती रेघ ५०० एमबीची. म्हणून ९०० एमबीवाले गप्प आहेत. टॅब मंदावायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते, तेव्हा सूचनेची वाट बघू नका.

किती मोकळी ठेवायची? लोक सरसकट २० टक्के सांगतात. माझं मत, छोट्या टॅबला टक्के लावू नका, जीबी मोजा. ३२ला ५ जीबी, ६४ला ८ ते १०, १२८ला १२ ते १५ पुरे.

गोलाई_रिपेअर (लातूर)

वरच्याशी सहमत. आता हात कुठून घालायचा ते सांगतो. क्रम मोडू नका, कारण काठोकाठ भरलेल्या टॅबला घाईत रीस्टार्ट मारला की कधीकधी तो लोगोवरच अडकून बसतो. सुरू होताना सिस्टिमला स्वतःच्या फाइली लिहायला जागा लागते, ती मिळाली नाही की गाडी पुढे सरकत नाही.

तेव्हा आधी कॉपी. ओटीजी पेनड्राइव्ह (थेट टॅबला लागणारा) नाहीतर यूएसबीने कॉम्प्युटर. कॉपी झालेल्या दोन-चार फाइली तिकडे उघडून बघा, मगच इकडच्या पुसा. ‘मूव्ह’ वापरू नका. मधेच केबल हलली तर फाइल इकडचीही नाही आणि तिकडचीही नाही.

मग डाउनलोड फोल्डर. आकारानुसार लावून बघा. एकच पीडीएफ तीनदा उतरवलेली, नावापुढे कंसात १, २, ३, असं हमखास सापडतं. जुन्या ॲपच्या एपीके (ॲप बसवायच्या) फाइलीही इथंच पडून असतात.

व्हॉट्सॲप असेल तर सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या दिसतात. फोल्डरमधलं ‘सेंट’ विसरू नका, तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओंची दुसरी प्रत तिथं असते. टेलिग्राम तर गुपचूप खाणारा. त्याच्या ‘डेटा अँड स्टोरेज’मधल्या ‘स्टोरेज युसेज’मध्ये जाऊन मीडिया एक आठवडाच ठेवायची खूण करा.

अभ्यासाच्या ॲपमधले धडे ॲपच्या आतूनच पुसा. बाहेरून फोल्डर उडवलं तर ॲपला पत्ता लागत नाही, ते धडा आहे असंच दाखवत राहतं. आणि सेटिंगमध्ये ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ शेजारी शेजारी असतात, तिथं बोट सांभाळा. कॅशे म्हणजे ॲपनं सोयीसाठी ठेवलेला तात्पुरता साठा, तो गेला तर काही बिघडत नाही. डेटा गेला की लॉगिनही गेलं आणि उतरवलेले सगळे धडेही गेले. नेट नसलेल्या गावात म्हणजे पुन्हा श्रीगणेशा.

त्यानंतर कचरापेटी रिकामी करा. हे निम्मे लोक विसरतात आणि म्हणतात, डिलीट केलं तरी जागा वाढेना. गूगल फोटोजच्या बिनमध्ये बॅकअप झालेली फाइल ६० दिवस राहते, न झालेली ३० दिवस. फाइल मॅनेजरची पेटी वेगळी.

शाळेच्या टॅबला एक गोष्ट खास बघा: सेटिंगमध्ये ‘मल्टिपल युजर्स’. मागं कुणी दुसरा युजर किंवा गेस्ट केलेला असतो. त्याचे फोटो-व्हिडिओ तुम्हाला दिसत नाहीत, जागा मात्र खातात.

आणि ३२ मधले १०-१२ जीबी ‘सिस्टिम’ दाखवतंय म्हणून चिडू नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते, अँड्रॉइडच्या बऱ्याच आवृत्त्या १०२४ च्या, म्हणून ३२ चे २९.८ तिथंच होतात. उरलेलं खरंच सिस्टिमचं. ते तुमच्या हातात नाही.

कुंथलगिरी_पेढा

आयुष्याचं कुणीच बोललं नाही. माझ्या माहितीप्रमाणं फ्लॅशची प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येते. टॅब ९५ टक्के भरला की उरलेल्या ५ टक्क्यांवरच सारखं लिहिलं जातं, तेवढा भाग झिजून जातो आणि चिप मरते. बरोबर ना?

मांजराकाठ

पहिलं वाक्य बरोबर, दुसरं अर्धवट. चिपच्या आतला कंट्रोलर ‘वेअर लेव्हलिंग’ करतो. म्हणजे वर्षभर न हललेला व्हिडिओ ज्या कमी झिजलेल्या ब्लॉकात बसलाय, तिथून तो उचलून जास्त झिजलेल्या ब्लॉकात ठेवतो आणि चांगला ब्लॉक रोजच्या कामाला मोकळा करतो. शेतात पिकाची जागा बदलतात तसं. त्यामुळं ठरावीक ५ टक्केच झिजतात असं होत नाही.

पण झीज वाढते हे खरं, आणि ती या उचलठेवीमुळंच वाढते. तुम्ही १ जीबी लिहिलं, पण जागा करायला चिपने आतल्या आत आणखी ५ जीबी हलवलं, तर पेशींच्या हिशेबात ६ जीबी लिहिलं गेलं. याला राइट ॲम्प्लिफिकेशन म्हणतात. मराठीत ‘लिखाणाची फुगवणूक’ म्हणू.

समजायला हिशेब मांडतो. हे मोजमाप नाही, आकडे मीच धरलेत. टीएलसी पेशी साधारण १,००० ते ३,००० वेळा पुसता येते, आपण १,००० धरू. ३२ जीबी गुणिले १,००० म्हणजे एकूण ३२ टीबी लिखाण. रोज ५ जीबी लिहिलं आणि फुगवणूक दुप्पट, म्हणजे रोजचे १० जीबी. चिप ३,२०० दिवस चालेल, पावणेनऊ वर्षं. फुगवणूक सहापट झाली तर रोजचे ३० जीबी, १,०६७ दिवस, तीन वर्षांनाही थोडी कमी. टॅब तोच, वापरही तोच. मोठ्या चिपला इथंच फायदा मिळतो: १२८ जीबीला पेशी चौपट, म्हणून तीच सवय तिला चौपट दिवस पचते.

शाळेचा टॅब रोज ५ जीबी लिहीत नाही, असं म्हणाल. बरोबर. व्हिडिओ बघणं म्हणजे वाचणं, वाचण्याने झीज जवळजवळ नाही. एकदा व्हिडिओ भरले आणि वर्षभर नुसते पाहिले, तर भरलेला टॅबही चिपला मारत नाही. मारतं ते भरलेल्या टॅबवरचं सततचं लिखाण: ॲपची ऑटो अपडेट, व्हॉट्सॲपची आपोआप उतरणारी मीडिया, आणि ‘व्हर्च्युअल रॅम’. शेवटचं तर तपासाच. स्टोरेजचा २-४ जीबीचा तुकडा रॅम म्हणून वापरायची सोय काही कंपन्या देतात. जागा आधीच कमी, त्यात रॅमची अदलाबदल पण त्याच चिपवर. बंद करायची सोय असेल तर अशा टॅबवर बंदच ठेवा.

गोलाई_रिपेअर (लातूर)

यात भर घालतो. रोज ‘क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ ॲप चालवणारेही चिप झिजवतात. ते सगळ्या ॲपचा कॅशे पुसतं, ॲप उघडलं की तोच कॅशे पुन्हा लिहिला जातो. पुसा, लिहा, पुसा, लिहा. वर जाहिराती. कॅशे पुसायचा तर महिन्या-दोन महिन्यांनी, एखादं ॲप फार फुगलं असेल तेव्हा, त्याच ॲपचा.

प्ले स्टोअरमध्ये ऑटो अपडेट बंद करा. ११ टॅब आहेत तर पंधरा-वीस दिवसांतून एकदा स्वतः बसून लागतील तेवढीच ॲप अपडेट करा. ‘पेंडिंग’ का होतं तेही सांगतो. १५० एमबीचं ॲप उतरवायला १५० एमबी पुरत नाही. उतरलेली फाइल, तिच्यातून मांडलेलं नवं ॲप, तोवर न काढलेलं जुनं ॲप आणि त्याचं मशीनच्या भाषेतलं रूपांतर, हे सगळं थोडा वेळ एकत्र नांदतं. मी तरी ॲपच्या आकाराच्या तिप्पट जागा असल्याशिवाय अपडेटला हात लावत नाही.

पत्र्याची_शाळा (परभणी जिल्हा)

फार मोलाचं सांगितलंत. ३ नंबरच्या टॅबवर करून बघितलं. डाउनलोडमध्ये एकाच घटकसंचाच्या चार प्रती, आणि ‘गेस्ट’ युजरमध्ये २.१ जीबीचे व्हिडिओ निघाले! मोकळी जागा आता ६.४ जीबी. पण वेग काही म्हणावा तसा वाढला नाही. ७ नंबरचं कोडंही सुटलं नाही. फॅक्टरी रीसेट मारू का सगळ्यांना?

मांजराकाठ

थांबा, रीसेट नको. जागा मोकळी केल्या केल्या वेग येत नाही, त्याचं कारण तुमच्या पहिल्याच प्रश्नात लपलंय: टॅब दिवसा चार्जिंगला आणि रात्री बंद.

फाइल डिलीट केली की अँड्रॉइड स्वतःच्या वहीतून तिचं नाव खोडतं. त्या जागेतला मजकूर टाकाऊ झाला, हे चिपला वेगळं सांगावं लागतं. त्या निरोपाला ‘ट्रिम’ म्हणतात. तो मिळेपर्यंत चिप तो टाकाऊ मजकूरही जपून इकडून तिकडे हलवत बसते. २०१२च्या नेक्सस ७ टॅबची ‘जुना झाला की मंदावतो’ ही ओरड जगभर गाजली होती. जुलै २०१३मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.३मध्ये ट्रिमची सोय झाली, तेव्हा कुठं ती निवळली.

ट्रिम अँड्रॉइड स्वतःच चालवतं, पण निवांत वेळ बघून: स्क्रीन बंद, टॅब चालू, चार्जर लागलेला, कुणी हात लावत नाही. म्हणजे रात्री. ॲप वेगवान करणारं रूपांतराचं कामही त्याच वेळी होतं, आणि जागा फार कमी असली तर ते टाळलं जातं. तुमच्या टॅबला अशी रात्र मिळतच नाही. दिवसा चार्जर लागलेला असतानाही पोरांच्या हातात.

तेव्हा ३ नंबर रात्रभर चार्जिंगला, चालू ठेवून, स्क्रीन बंद. ओळीनं दोन रात्री. मग बघा.

गोलाई_रिपेअर (लातूर)

एक दुरुस्ती. ट्रिम अजिबात होत नाही असं नाही. बऱ्याच टॅबमध्ये तीन दिवस ट्रिम झालं नसेल तर चालू होतानाच ते उरकून घेतात. पण निरोप पोचला म्हणजे पाट्या पुसून झाल्या असं नव्हे. पुसायला चिपला वीज आणि सवड दोन्ही लागतात. टॅब बंद म्हणजे चिपही बंद. त्यामुळं रात्रभर चार्जिंगला ठेवायचा सल्ला सोळा आणे.

घाई असेल आणि कॉम्प्युटर हाताशी असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करून एडीबीच्या (कॉम्प्युटरवरून टॅबला आज्ञा द्यायच्या साधनाच्या) शेलमध्ये ‘एसएम एफएसट्रिम’ ही आज्ञा देता येते. काम झालं की डीबगिंग बंद करा, पोरांच्या हातात टॅब जातात.

वेग मोजायचा तर डोळ्यांवर विसंबू नका. १ जीबीची एक फाइल घ्या, त्याच टॅबमध्ये एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करा, घड्याळ लावा. ‘कॉपी’च, ‘मूव्ह’ नाही. एकाच स्टोरेजमध्ये मूव्ह म्हणजे नुसतं नाव बदलणं, ते क्षणात होतं आणि काहीच कळत नाही. २० ते ४० सेकंद लागले तर चिप ठणठणीत. दोन-तीन मिनिटं लागली तर आवराआवर बाकी आहे, नाहीतर चिप थकली आहे. ज्या टॅबमध्ये ९०० एमबीच शिल्लक आहे तिथं ही परीक्षा घेऊ नका, हे सांगायला नको.

आता ७ नंबर. तो वेगळा आजार आहे. ईएमएमसीचे राखीव ब्लॉक (खराब झालेल्यांच्या जागी घ्यायचे) संपले की ती नवीन लिखाण घेणं थांबवते आणि नुसती वाचता येते अशी होते. टॅबला वाटतं पुसलं, पुसलं ते फक्त रॅममध्ये. रीस्टार्टला चिपवरचं जुनंच वर येतं. खूणगाठ अशी: एक फोटो काढा, एक ॲप काढून टाका, एक वॉलपेपर बदला, आणि बंद करून चालू करा. तिन्ही बदल उडाले तर चिपचं संपलं. अशा टॅबला फॅक्टरी रीसेटही लागत नाही; मारला तरी जुनंच रूप घेऊन उठतो, नाहीतर उठतच नाही. म्हणून आज, आत्ता, त्यातलं कामाचं सगळं कॉपी करून घ्या. अजून वाचता येतंय हेच नशीब.

चिपमध्ये झिजेची नोंद असते, ईएमएमसी ५.० पासून. १ म्हणजे आयुष्य १० टक्क्यांपर्यंत खर्च, २ म्हणजे २० पर्यंत, असं करत १० म्हणजे शंभरी गाठत आली, ११ म्हणजे ठरलेलं आयुष्य ओलांडलं. दुसरा आकडा राखीव ब्लॉकांचा: १ ठीक, २ म्हणजे ८० टक्के संपले, ३ म्हणजे अगदी कडेलोट. रूटशिवाय (सिस्टिमचा पूर्ण ताबा घेतल्याशिवाय) घरी हे सहसा दिसत नाही, दुरुस्तीवाल्याकडे चिपला जोडून वाचायचा बॉक्स असतो. ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणणाऱ्याला आधी हे दोन आकडे विचारा. सॉफ्टवेअरने मेलेली चिप उठत नाही. चिप उचलून नवी बसवता येते, रिबॉल करून (खालचे डाखाचे मणी नव्याने बसवून), पण बोर्ड तापवावा लागतो आणि आतला डेटा येत नाही. तो एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद असतो, चाव्या त्याच बोर्डच्या प्रोसेसरशी बांधलेल्या. या किमतीच्या टॅबला तो खर्च करावा का, तुम्ही ठरवा. मी म्हणेन, ७ नंबरचा डिस्प्ले आणि बॅटरी बाकीच्या दहांसाठी राखून ठेवा.

रीसेटबद्दल: साफसफाई आणि दोन रात्रींनंतरही एखादा टॅब रेंगाळला, तरच. रीसेटमध्ये सगळा डेटा भाग कोरा होतो आणि चिपला एकदम मोकळीक मिळते, म्हणून फरक पडतो. पण आधी सेटिंगमधून गूगल खातं काढा, निदान त्याचा पासवर्ड चालतोय याची खात्री करा. कुणा बदली झालेल्या सरांचं खातं असेल आणि रिकव्हरीतून रीसेट मारला, तर टॅब त्याच खात्याचा पासवर्ड मागत बसेल.

कुंथलगिरी_पेढा

मग मेमरी कार्ड टाकलं तर? ॲपसकट सगळं कार्डावर नेता येईल, इंटरनल मोकळंच.

मांजराकाठ

कार्ड टाका, पण ‘पोर्टेबल’ म्हणून. अँड्रॉइड ६ पासून कार्डाला इंटरनल म्हणून जोडायची सोय आली, ती या कामाला घेऊ नका. कार्ड त्याच टॅबसाठी एन्क्रिप्ट होतं, दुसऱ्यात वाचता येत नाही, आणि पोरानं ते उपसलं की त्यावरची ॲप गेली. शिवाय बारीक बारीक लिखाणात साधं कार्ड ईएमएमसीपेक्षाही मंद. ॲप आत, व्हिडिओ-पीडीएफ कार्डावर, अशी वाटणी करा. व्हिडिओ एकदा लिहायचे आणि हजारदा वाचायचे, कार्डाला हेच काम मानवतं.

घेताना ‘ए१’ ही खूण बघा. तिचा अर्थ कार्ड सेकंदाला किमान १,५०० बारीक वाचनं आणि ५०० बारीक लिखाणं झेलतं. तुमच्या कामाला ६४ जीबीचं पुरे, पण टॅब किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो ते खोक्यावर पाहा. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही.

आणि बाजारात ५१२ लिहिलेलं, आत खरं ३२ असलेलं कार्ड भरपूर मिळतं. ते मागं लिहिलेलं पुसत पुढं लिहितं, तक्रार करत नाही. नवीन कार्ड आधी कॉम्प्युटरला लावून एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने काठोकाठ लिहून परत वाचून घ्या. ६४ जीबीला तास-दीड तास लागेल, लागू द्या.

सीताफळ_बालाघाट

आयपॅडलाही हेच लागू का? घरी ६४ जीबीचा आहे.

मांजराकाठ

फ्लॅशचा स्वभाव तोच. तिथं सेटिंग्ज, जनरल, आयपॅड स्टोरेज. न वापरलेलं ॲप ‘ऑफलोड’ केलं तर ॲप जातं, त्यातला मजकूर राहतो. सिस्टिमचं अपडेट जागेअभावी अडलं तर कॉम्प्युटरला जोडून करा, तेव्हा आयपॅडवर कमी जागा लागते.

पत्र्याची_शाळा (परभणी जिल्हा)

३ नंबर दोन रात्री ठेवला. १ जीबीची कॉपी आधी २ मिनिटं ५० सेकंद, आज सकाळी ३६ सेकंद. अक्षर लगेच उमटतंय. ७ नंबरवर तिन्ही बदल उडाले, म्हणजे गेला. त्यातलं सगळं पेनड्राइव्हवर घेतलं.

आता बाकीचे नऊ रात्री कपाटातच बोर्ड लावून ठेवू का? आणि सुट्टीत काय करावं?

गोलाई_रिपेअर (लातूर)

बंद कपाटात नऊ टॅब चार्जिंगला, रात्री माणूस नाही, हे अजिबात नको. लिथियम बॅटरी आहे. एखादी आधीच फुगलेली असली तर? मागचं झाकण सपाट टेबलावर ठेवून बघा. टॅब डुगडुगत असेल किंवा स्क्रीन कडेनं उचललेली दिसली तर तो चार्जिंगला लावूच नका. चांगल्यांपैकी रोज दोन-तीन घरी न्या, उघड्या टेबलावर, एकमेकांपासून वीतभर लांब. चार-पाच रात्रींत फेरी पूर्ण. पुढं महिन्यातून एक फेरी पुरते. रात्री तासभर लाइट गेली तरी चिंता नको, परत आल्यावर काम पुढं चालू होतं.

सुट्टीचं: पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये लोखंडी कपाट म्हणजे भट्टी. बॅटरीला उष्णता आणि पूर्ण चार्ज ही जोडी सगळ्यात वाईट. ४० अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी ढोबळमानाने ६५ टक्के क्षमतेवर येते. ४० टक्के चार्ज करून ठेवलेली ८५च्या आसपास राहते. म्हणून ४०-५० टक्क्यांवर आणून बंद करा. सिमेंटच्या छताच्या खोलीत, भिंतीच्या खालच्या अंगाला ठेवा. मेच्या मध्यावर एकदा उघडून चार्ज पाहा, २० च्या खाली गेला असेल तर परत ५० पर्यंत न्या.

मांजराकाठ

चिपलाही तेच मानवतं. उष्णतेत पेशींमधला विद्युतभार लवकर गळतो. नव्या चिपला दोन महिन्यांत काही होत नाही, झिजलेलीला होऊ शकतं. त्यामुळं सुट्टीआधी सगळ्या व्हिडिओंची एक प्रत कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कवर ठेवा. जूनमध्ये टॅब काढल्यावर आधी रात्रभर चार्जिंगला लावा, मग पोरांच्या हातात द्या.